मागच्या खोलीतला हंस

ताईच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, याला अकरा महिने होत आले होते. पत्र मोठं नव्हतं. एकाच कागदावर, एकाच बाजूला, ताईच्या उभ्या टोकदार अक्षरात होतं. ‘एकटीला हे घर आता मोठं होतं. पुढच्या वर्षाखेरीला, सुट्टीच्या दिवसांत, तुमच्याकडे यावं म्हणते. मागची खोली रिकामीच असते ना? सगळ्यांना जमलं तर तिथेच राहीन. उत्तर आलं नाही तर जमत नाही असं समजेन. रागावणार नाही.’

शेवटच्या दोन शब्दांनी ग्रंथपालांची झोप उडवली होती. ताई रागावली असती तर तिची माफी तरी मागता आली असती. पण रागावणार नाही असं आधीच लिहून देणाऱ्या बहिणीपुढे माणसानं करायचं काय? ताईला फोनवर ऐकू येत नसे, तेव्हा फोन करून ‘अगं, लिहायचं राहूनच गेलं’ म्हणण्याचीही सोय नव्हती. पत्रच लिहायला हवं होतं. आणि त्या पत्रात एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं होतं: मागची खोली रिकामी आहे की नाही.

नव्हती. मागच्या खोलीत सजावट राहत होती.

ग्रंथपालांच्या पत्नी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होत्या. गल्लीतली लहानथोर माणसं त्यांना अजून ‘बाई’च म्हणत, आणि मनातल्या मनात ग्रंथपालही त्यांना बाईच म्हणत. शाळेच्या प्रत्येक समारंभाचा रंगमंच बाईंनी सजवलेला. निवृत्तीनंतर रंगमंच गेला, हातांची सवय राहिली. वर्षाखेरीला सगळे आपापली घरं सजवत, सुट्टी संपली की दुकानदार उरलासुरला माल पायरीवर मांडत, आणि तो माल तसा उघड्यावर पडलेला बाईंना बघवत नसे. “टाकूनच देणार होता तो,” असं म्हणत त्या पिशवी घेऊन घरात शिरत, जणू एखाद्या अनाथाला आसरा दिला आहे.

असे पुष्कळ अनाथ मागच्या खोलीत जमले होते. सोनेरी झिरमिळ्यांच्या माळा होत्या. दिव्यांच्या माळा होत्या. त्यांतल्या निम्म्या पेटत, पण कुठल्या निम्म्या हे दर वर्षी नव्यानं शोधावं लागे. कागदी चांदण्या, काचेचे गोळे, कापडी फुलांची कडी, रेशमी फिती होत्या, आणि एका खोक्यावर बाईंच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘काय आहे आठवत नाही, उपयोगी आहे.’ खोलीचं दार वीतभरच उघडे. ग्रंथपाल अंग चोरून आत जात, आणि आत गेल्यावर बाहेर येण्याखेरीज तिथे दुसरं काहीच करता येत नसे.

यंदा तर कहर झाला होता. एरवी ही खरेदी नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आटपे. यंदा ती वर्षभर चालू होती.

“एवढं कशाला गं?” ग्रंथपालांनी एकदा धीर करून विचारलं.

“लागेल. माणसं येतात घरी.”

“आपल्याकडे कोण येतं?”

यावर बाई त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्या बघण्याचा अर्थ ग्रंथपालांना लागला नाही. “तेच म्हणते मी,” असं म्हणून त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळानं आतून भांड्यांच्या आवाजाबरोबर ऐकू आलं, “वन्संना तरी कुठे आठवण आहे आपली!”

वन्सं म्हणजे ताईच. मनात ताईबद्दल अशी अढी असलेल्या बाईला पत्राचं सांगायचं तरी कसं? त्यांनी तो विषय त्या दिवशी जो गिळला, तो गिळलाच. ज्या माणसानं ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून चौतीस वर्षं काढली, त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

गिळलेली अशी आणखी एक गोष्ट त्यांच्या पोटात होती. ग्रंथपालांनी आयुष्यात एक पुस्तक लिहिलं होतं. पुस्तकं कशी लावावीत आणि त्यांतली नको असलेली कशी काढून टाकावीत, या विषयावर शहाण्णव पानं. त्याची एक प्रत त्यांच्या जुन्या ग्रंथालयात होती. वर्षभरात जे पुस्तक कोणी नेलं नाही ते तळघरात टाकायचं, असा तिथला नियम होता. तो ग्रंथपालांनीच केला होता. म्हणून दर वर्षाखेरीच्या सुट्टीत ते स्वतः जाऊन, इकडेतिकडे बघत, स्वतःचं पुस्तक घरी घेऊन येत आणि दोन दिवसांनी परत करत. एवढ्यावर एक माणूस जितका लाजेल तितके ते लाजत. पण पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर त्यांच्या तारखेखेरीज आणखी एक तारीख असे. दर उन्हाळ्यात, न चुकता. कोणीतरी अनोळखी वाचक त्यांचं पुस्तक नेत होता. कोण, ते विचारण्याचं धाडस त्यांना झालं नाही. विचारलं आणि तो वाचक यायचाच थांबला तर?

पुस्तकाइतकीच जुनी त्यांची एक खोडही होती. खूण म्हणून हाताला लागेल ते ते पुस्तकात घालत. घरात एखादी वस्तू हरवली की बाई शोधाशोध करत नसत. “कंगवा मिळत नाहीये,” त्या एवढंच म्हणत. “सध्या कुठलं पुस्तक चालू आहे?”

तर, सुट्टीला तीन आठवडे उरले आणि ग्रंथपालांनी ठरवलं की आता खोली रिकामी करायची, आणि ती रिकामी झाली की त्याच दिवशी ताईला लिहायचं. टपालाला चार दिवस लागतात. अजून वेळ गेलेली नव्हती.

त्यांनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात एका कंपनीचं गोदाम सांभाळत होती.

“सोपं आहे बाबा. एक वस्तू आत आली की एक बाहेर. आमच्याकडे हाच नियम आहे.”

“आणि तुझ्या आईला हे कोण सांगणार?”

“तुम्ही.”

“मी?”

“मग काय, मी इथून हात लांब करू? बाबा, लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. आता बोलायला लागा की हळूहळू.”

ग्रंथपाल बोलले नाहीत. त्यांनी एका कार्डावर नियम लिहिला आणि तो फ्रीजवर लावला. बाईंनी चष्मा लावून तो वाचला. “अक्षर छान आलंय,” त्या म्हणाल्या. “पाळू की.” इतक्या लवकर होकार मिळाला, तिथेच खरं तर ग्रंथपालांना शंका यायला हवी होती.

शनिवारी बाई रिक्षातून उतरल्या. त्यांच्या शेजारच्या सीटवर कोणीतरी पांढरं, लांब मानेचं, ताठ बसलं होतं.

“हे काय?”

“हंस.”

“ते दिसतंय गं.”

“तारेचा आहे. पोटात एकशे वीस दिवे आहेत. बटण दाबलं की मान हलवतो. धरा, शेपटीकडून नका धरू.”

“पण नियम?”

“पाळला ना.” बाईंनी मूठ उघडली. तळहातावर कोपरा मोडलेली एक कागदी चांदणी होती. “हा आला, ही जाणार. कार्डावर आकाराचं काही लिहिलेलं नव्हतं.”

हंस कमरेइतका उंच होता आणि मागच्या खोलीचं दार वीतभर उघडत होतं. हंस आत जाण्यासाठी दार उघडायला हवं, दार उघडण्यासाठी दारामागची खोकी बाहेर काढायला हवीत. सात खोकी बाहेर आली. हंस आत गेला. मग असं लक्षात आलं की खोक्यांची जागा हंसानं घेतली आहे. ती सात खोकी बैठकीच्या खोलीत राहिली. जेवताना ग्रंथपालांचं ताट आता चौथ्या खोक्यावर असे.

सोमवारी ते कधी नव्हे ते तोंडानं बोलले. “आपण हे वाटून टाकू या का?”

बाईंनी जवळच्या खोक्याचं झाकण लावलं. “टाका वाटून,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. “मलाही आता उचलवत नाही. पण हंस राहील. आणि त्या फिकट निळ्या फिती राहतील.”

“त्याच का?”

“राहतील म्हटलं ना.”

पहिल्या आल्या त्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई. त्यांना जिना चढतानाच बोलायची सवय होती, त्यामुळे त्या दारात पोचेपर्यंत निम्मं बोलणं होऊन गेलेलं असे.

“...म्हणून म्हटलं काकांकडे मागावं. आमच्या दवाखान्याच्या भिंती बघितल्यात का हो? बरा झालेला पेशंट त्या बघून परत आडवा होतो. काहीही द्या. काकू, ह्या चांदण्या देता?”

“घेऊन जा गं. सगळ्या घेऊन जा.”

इथवर सगळं उत्तम चाललं होतं. पण वस्तू घराबाहेर निघालेली बघून ग्रंथपालांचा हात आपोआप कपाटाकडे गेला. ग्रंथालयातून रद्दीत निघालेल्या दोन कोऱ्या नोंदवह्या त्यांनी निवृत्तीच्या दिवशी, कोऱ्या आहेत म्हणून कळवळून घरी आणल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी उघडली. कोणाला काय दिलं याची नोंद असलेली बरी, एवढाच त्यांचा विचार होता. क्रमांक लिहिला. नाव लिहिलं. ‘चांदण्या, कागदी, चाळीस’ असं लिहिलं. दिल्याची तारीख लिहिली. पाचवा रकाना ‘परत करण्याची तारीख’ असा छापलेला होता. चौतीस वर्षांत ग्रंथपालांनी एकही रकाना कोरा सोडलेला नव्हता. त्यांनी दहा दिवसांनंतरची तारीख घातली. खोक्यावरही एक चिठ्ठी लावली.

नर्सबाईंनी सही करता करता विचारलं, “परत करायचं का काका?”

नाही, कायमचं तुमचं, असं म्हणायचं होतं. पण समोरच्याला तोंडावर नाही म्हणायचं ग्रंथपालांना जन्मात जमलं नव्हतं. “तशी काही घाई नाही,” ते म्हणाले.

बातमी इमारतभर पसरली, तिथून गल्लीत गेली. शिंपीकाकांनी दुकानाच्या काचेसाठी झिरमिळ्या नेल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी काचेचे गोळे नेले. बाईंच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी समारंभासाठी खोकीच्या खोकी नेली, आणि जाताना ‘काय आहे आठवत नाही’चं खोकंही मागून घेतलं. चार दिवसांत दोनशे चौदा वस्तू गेल्या. ग्रंथपालांनी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नोंदवल्या, आणि दर नोंदीला पाचव्या रकान्यात तीच पहिली तारीख भरली. आपण काय करतो आहोत याची त्यांना जाणीव नव्हती असं म्हणवत नाही. जाणीव होती. पण ती हातापर्यंत पोचत नव्हती.

शुक्रवारी सकाळी मागच्या खोलीचं दार पुरतं उघडलं आणि भिंतीला टेकलं. ग्रंथपाल उंबऱ्यातच थांबले. खोलीला एक खिडकी होती, हे ते विसरून गेले होते. फरशीवर करड्या रंगाची नक्षी होती. पलंग होता. मधोमध हंस उभा होता, आणि सकाळचं ऊन त्याच्या तारांमधून फरशीवर पडलं होतं.

ते लगेच लिहायला बसले. ‘प्रिय ताई, मागची खोली’ इथवर झरझर झालं. मग हात थांबला. रिकामी आहे म्हणावं, तर हंस आहे. हंस आहे म्हणावं, तर अकरा महिन्यांनंतर पहिल्या ओळीत हंस कशाला? आधी माफी मागावी का? पण ती रागावणार नाही म्हणाली होती. माफी मागणं म्हणजे तिच्या शब्दावर विश्वास नाही असं दाखवणं. त्यांनी पहिला कागद बाजूला ठेवला. दुसरा घेतला. दुसऱ्यात माफी पहिल्या ओळीत होती, तिसऱ्यात शेवटच्या. चौथ्या कागदावर ‘प्रिय ताई’मधलं ‘प्रिय’ त्यांना दिखाऊ वाटायला लागलं. सहा दिवस असे गेले. या सहा दिवसांत ताईचं घर मोठं होत चाललं आहे आणि ती त्यात गप्प बसून आहे, असं त्यांना सारखं दिसत राही.

सातव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता घंटी वाजली.

“...वेळेत आणलं ना काका?” नर्सबाई खोकं घेऊन उभ्या होत्या. “सगळ्या पुसून आणल्यात. चाळीस होत्या, चार फाटल्या, म्हणून नवीन आठ आणल्या. मोजून घ्या.”

“अहो, पण हे तुमच्या...”

“नाही नाही, तारीख म्हणजे तारीख. चिठ्ठी होती ना वर. तुमच्यासारखी शिस्तीची माणसं राहिलीत कुठे आता!”

त्यांच्या मागे शिंपीकाका उभे होते. “एक माळ मशीनमध्ये अडकली, मास्तर. तिच्याऐवजी तीन शिवून आणल्यात. जरा जाड झाल्यात, पण टिकतील. तुमची नातवंडं वापरतील.”

शिंपीकाकांच्या मागे डॉक्टर, डॉक्टरांच्या मागे शाळेची माणसं. रांग जिन्यावरून खाली गेली होती आणि वळणावर दिसेनाशी होत होती. सगळे प्रामाणिक होते. ग्रंथपालांनी आयुष्यभर वाचकांकडून ज्या वक्तशीरपणाची आशा केली आणि जो त्यांना कधी लाभला नाही, तो आज जिना चढून आला होता. कोणी एकाच्या बदल्यात दोन आणलं होतं, कोणी आभार म्हणून वेगळं काही आणलं होतं. मुख्याध्यापिकांनी ‘काय आहे आठवत नाही’चं खोकं परत केलं आणि म्हणाल्या, “आम्हालाही कळलं नाही हो, पण फार उपयोगी पडलं.”

पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर काही न नेताच रांगेत उभे होते. त्यांच्या दोन्ही काखांत खोकी होती.

“आपण काय नेलं होतं?” ग्रंथपालांनी वही चाळली.

“काही नाही. आमच्याकडचं जमा करायला आलोय. ही म्हणाली, घरात नुसता पसारा होतो, त्यापेक्षा ग्रंथपालांकडे ठेवा. नोंद तरी राहील. पुढच्या वर्षी आम्हीही तारखेनंच नेऊ.”

ही कल्पना रांगेला फारच आवडली. दोन माणसं रांग सोडून आपल्या घरी गेली आणि खोकी घेऊन परत आली.

एकाचं यायचं राहिलं होतं. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. एक दिवस उशीर झाल्याचा दंड म्हणून त्यानं स्वखुशीनं कापडी फुलांची दोन कडी आणली. ग्रंथपालांनी बेरीज केली. दोनशे चौदा वस्तू गेल्या होत्या. तीनशे सात आल्या होत्या.

मागची खोली भरली, बैठकीची खोली भरली. दार आता वीतभरही उघडत नव्हतं. फटीतून हंसाची फक्त मान दिसत होती. बाई एका खोक्यावर बसल्या, ग्रंथपाल समोरच्या खोक्यावर. दोघंही इतके थकले होते, की एकमेकांशी खरं बोलायला तेवढी एकच गोष्ट पुरली.

“अगं, एक सांगायचं राहिलंय.”

“सांगा.”

“ताईचं पत्र आलं होतं. गेल्या सुट्टीत.”

“माहीत आहे मला. कोटाच्या खिशात होतं.”

“तू वाचलंस?”

“मग काय, कोटाबरोबर धुऊ?”

ग्रंथपालांनी खाली बघितलं. “मी उत्तर दिलं नाही.”

“तुम्ही नाही दिलंत. तुम्ही कसले देताय! म्हणून मी दिलं.”

“कधी?”

“त्याच आठवड्यात.” बाईंचा आवाज एकदम चढला. “या म्हणून लिहिलं, खोली सजवून ठेवते म्हणून लिहिलं. अकरा महिने झाले, वन्संची एक ओळ नाही! बरं, तुम्ही तोंड उघडायला तयार नाही. म्हटलं, भावाबहिणीत काहीतरी असेल, आपण कशाला मध्ये पडा. आणि मी वेडी वर्षभर एकेक आणून ठेवतेय. निळ्या फिती त्यांना आवडतात म्हणून. हंस आणला. लहानपणी तळ्यावर हंस बघायला त्या तुम्हाला घेऊन जायच्या, तुम्हीच सांगितलं होतंत ना?”

ग्रंथपालांना एकाच वेळी इतकं बरं आणि इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. ताईला बोलावणं गेलेलं होतं. मग ती गप्प का?

“टपालात कोणी टाकलं?” त्यांनी विचारलं.

“कोणी म्हणजे? तुम्हीच. ग्रंथालयात निघाला होतात, तीन पाकिटं दिली नाही का तुमच्या हातात? म्हटलं, जाताजाता टाका.”

“तीन?”

“तीन.”

ग्रंथपालांनी बोटांवर मोजून बघितलं.

“मला दोन टाकल्याचं आठवतंय,” ते शेवटी म्हणाले.

बाई खोक्यावरून उठल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो त्या कंगवा हरवला की विचारत. “त्या दिवशी कुठलं पुस्तक हातात होतं?”

ग्रंथपालांचे कान लाल झाले. त्या दिवशी कुठलं पुस्तक परत करायला ते निघाले होते, हे त्यांना आठवायची गरज नव्हती. दर सुट्टीत एकच तर असे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ग्रंथालय उघडलं, तेव्हा दोघंही पायरीवर उभे होते. वाटेत ग्रंथपालांनी आपलं गुपित अर्धंमुर्धं सांगून टाकलं होतं. बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत, उलट पदराशी चाळा करत चालत राहिल्या. शेवटच्या कपाटात, खालच्या फळीवर, पुस्तक जागच्या जागी होतं. ग्रंथपालांनी ते उघडलं. छत्तिसाव्या पानावर, ‘नको असलेली पुस्तकं ओळखावी कशी’ या प्रकरणाच्या तोंडाशी, पाकीट होतं. बंद, तिकीट लावलेलं. बाईंच्या सुंदर अक्षरात ताईचा पत्ता.

“अकरा महिने!” बाई कुजबुजल्या, ग्रंथालयात त्यांनाही मोठ्यानं रागावता येईना. “अकरा महिने पाकीट तुमच्या पुस्तकात! एवढ्या दिवसांत कोणा एका माणसानं हे उघडलं असतं तरी दिसलं असतं.”

“उघडलंय की. एकजण नेतो दर उन्हाळ्यात.” ग्रंथपालांनी शेवटचं पान उलटून तारखांची चिठ्ठी दाखवली. यंदाच्या उन्हाळ्याचीही तारीख होती. ती बघून त्यांचाच चेहरा उतरला. पाकीट तर जानेवारीपासून आत होतं. म्हणजे त्यांच्या वाचकानं... म्हणजे त्यांचा वाचक...

तेवढ्यात काउंटरवरच्या मॅडमनी त्यांच्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि बाईंकडे बघून हसल्या. “बाई, यंदा दुसऱ्यांदा? तुम्ही तर उन्हाळ्यात नेता ना?”

ग्रंथालयात नेहमी असते त्याहून जास्त शांतता झाली.

“तू?” ग्रंथपाल म्हणाले.

“तळघरात टाकतात म्हणे,” बाई कपाटाकडे बघत म्हणाल्या. “तुमचाच नियम. वर्षातून एकदा तुम्ही नेता, माहीत होतं मला. पण माणसाच्या हातून एखादं वर्ष राहून जातं. म्हणून आपलं मध्ये एकदा...”

“पंधरा दिवस घरी होतं?”

“कपाटावर. कापडात गुंडाळून. तुम्हाला दिसू नये म्हणून.”

“आणि उघडलं नाहीस?”

“बारीक अक्षराचा त्रास होतो डोळ्यांना.”

“अक्षर मोठं आहे गं याचं.”

“मग विषय बारीक असेल,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू आवरेना. ग्रंथपालांनी चौतीस वर्षांच्या सवयीनं ओठांवर बोट ठेवलं, पण ते बोटही हलत होतं. त्यांचा जगातला एकुलता एक वाचक त्यांनी आत्ताच गमावला होता, आणि त्याचं जेवढं दुःख व्हायला हवं तेवढं काही होत नव्हतं.

वाचनाच्या टेबलाशी बसून त्यांनी पाकीट हलकेच उघडलं. आत बाईंनी लिहिलं होतं, ‘वन्सं, विचारायचं काय त्यात? या. खोली सजवून ठेवते.’ खाली अर्धा कागद कोरा होता. भावासाठी सोडल्यासारखा.

सहा दिवस आणि पुष्कळ कागद ज्याच्यापायी गेले, ते लिहायला ग्रंथपालांना आता एक मिनिटही लागलं नाही. त्यांनी मॅडमकडून डिंक मागून घेतला, पाकीट चिकटवलं, आणि पुस्तकावर बाईंच्या नावाची नोंद करून दोघं बाहेर पडले. “या खेपेला वाचते,” बाई म्हणाल्या होत्या. सुट्टीला सात दिवस होते. टपालाला चार.

“काय लिहिलंत?” पेटीपाशी आल्यावर बाईंनी विचारलं.

“‘ताई, खोली रिकामी नाही. तरी ये. मी चुकलो. येताना काही आणू नकोस.’”

“हंसाचं?”

“नाही लिहिलं. बघेल आल्यावर.”

ग्रंथपालांनी पाकीट पेटीच्या तोंडात धरलं, सोडलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तरीसुद्धा त्यांनी बाईंच्या हातातलं पुस्तक घेतलं, उलटं धरलं आणि भर रस्त्यात त्याची पानं चांगली झटकून बघितली.

कंगवा पडला.